साठीनंतर सेवेला परदेशी : वाचक विचारतात

निवृत्त जोडप्यांनी वर्ष-दोन वर्षांसाठी परदेशातल्या मिशनच्या कामाला जायचं, हा विषय मागच्या अंकात निघाला आणि बेळगाव, खानापूर, संकेश्वर, चिकोडीकडून पत्रं आली. बहुतेकांना पाचारण आलंय ते केनियाचं, म्हणून उत्तरंही केनिया धरून दिली आहेत. देश दुसरा असेल तर परवाने आणि लसी बदलतील. घर, पेन्शन आणि गोळ्यांचं गणित तेच राहील.

सलाम. मी निवृत्त मुख्याध्यापक, पत्नी निवृत्त परिचारिका. तिकडच्या संस्थेचं पत्र माझ्या एकट्याच्या नावे आलंय, त्यात शेवटी ‘सोबत पत्नी’ एवढंच. आमचे पाळकसाहेब म्हणतात, तेवढं पुरे. खरंच पुरे का? – एक वाचक, कॅम्प, बेळगाव

सलाम. पुरे नाही. तिकीट काढायच्या आधी पत्र बदलून घ्या.

केनियात धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी ‘क्लास आय’ हा वेगळा परवाना असतो. तिथल्या नोंदणीकृत संस्थेच्या नावावर तो मागायचा असतो आणि तो माणसागणिक मिळतो. ‘सोबत पत्नी’ म्हटलं की बाईंच्या वाट्याला येतो आश्रिताचा पास. त्या पासावर राहता येतं, काम करता येत नाही. ‘पगार कुठे घेतेय ती?’ हा युक्तिवाद आपल्या ओसरीवर चालतो, इमिग्रेशनच्या खिडकीवर नाही. म्हणून पत्रात दोन नावं, दोन हुद्दे आणि दोन कामं स्वतंत्र ओळींत हवीत. पाळकीणबाईंनी बिनहुद्द्याचं राबायचं ही आपल्या मंडळ्यांची जुनी सवय. परदेशात ती कायद्यातही बसत नाही.

बाई प्रत्यक्ष शुश्रूषा करणार असतील तर केनियाच्या नर्सिंग कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागेल, आणि तिच्यासाठी इथल्या कौन्सिलचं ‘गुड स्टँडिंग’, म्हणजे नोंदणी चालू आहे आणि तक्रार नाही असं, प्रमाणपत्र. इथे सीमाभागाची गुंतागुंत सुरू होते. शिक्षण मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात झालं असेल तर मूळ नोंदणी महाराष्ट्राची, आणि नोकरी बेळगावात म्हणून पुढची नोंदणी कर्नाटकाची. दोन्हीकडे नाव एकाच पद्धतीनं लिहिलंय का, ते आधी पाहा. साक्षांकनाचंही तसंच. कागद ज्या राज्यात निघाला त्या राज्याच्या राजधानीत तो आधी साक्षांकित होतो, मग परराष्ट्र मंत्रालयाकडे जातो. मिरजेचा डिप्लोमा मुंबईमार्गे जाईल, बेळगावच्या चर्चमधला विवाहाचा दाखला बेंगळूरमार्गे. सगळा गठ्ठा एकाच एजंटाच्या हाती बेंगळूरला दिला की अर्धे कागद हात हलवत परत येतात.

विवाहाचा दाखला म्हणजे भिंतीवरचं फ्रेम केलेलं प्रमाणपत्र नव्हे. चर्चच्या विवाह नोंदवहीतला, नोंद क्रमांकासह सही-शिक्क्याचा उतारा घ्या. त्यातलं माहेरचं नाव, बाप्तिस्म्याचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर ‘ही एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र आताच करून ठेवा. दोघांच्या पासपोर्टवर एकमेकांचं नाव हवं. नसेल तर बेळगावच्या मुख्य टपाल कार्यालयातल्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घेऊन पासपोर्ट नव्यानं काढून घ्या. मुदत तीन वर्षांपेक्षा कमी उरली असेल तर तेही त्याच फेरीत उरकेल. जुन्या कागदावर ‘बेलगाम’ आणि नव्यावर ‘बेळगावी’ आहे म्हणून घाबरू नका. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बदललं, तेवढं सांगितलं की भागतं. पोलिसांचा दाखला मात्र सगळ्यात शेवटी काढा. त्याचे पाचशे रुपये पडतात, तो पासपोर्टच्याच संकेतस्थळावरून मागायचा असतो, आणि तो ताजा असावा लागतो.

मी साखर कारखान्यातून निवृत्त, सौ. राज्य सरकारच्या शाळेतून. नोव्हेंबरात आम्ही नैरोबीत असू. हयातीच्या दाखल्याचं काय? – संकेश्वर

तुमची पेन्शन भविष्य निर्वाह निधीची असणार. तिचा दाखला वर्षातून केव्हाही देता येतो आणि दिल्या तारखेपासून बारा महिने चालतो. निघायच्या आठवड्यात देऊन टाका, म्हणजे पुढचं जवळजवळ वर्ष मोकळं. सौं.च्या पेन्शनचा महिना आणि नमुना त्यांच्या बँकेच्या शाखेतून कागदावर लिहून घ्या. तोंडी ऐकलेलं बदलीबरोबर साहेबासोबत जातं.

पुढचे दाखले मोबाइलवरून चेहरा दाखवून देता येतात. त्यासाठी ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन ॲप लागतात, आणि अँड्रॉइड फोनचा पुढचा कॅमेरा निदान पाच मेगापिक्सेलचा हवा. आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक आणि पेन्शनच्या खात्याचा क्रमांक एका कार्डावर लिहून ठेवा. अडतं ते बहुधा तीन जागी. खिडकी पाठीशी घेऊन बसलं की चेहरा काळा येतो, चष्मा चमकतो, आणि पीपीओ क्रमांकातलं एखादं अक्षर किंवा तिरकी रेघ चुकते. उजेडाकडे तोंड करून, चष्मा काढून, पापण्या सावकाश मिटून उघडा. काम झालं की प्रमाण क्रमांकाचा संदेश येतो, तो जपून ठेवा. हे साधलं नाही तर नैरोबीतल्या भारतीय उच्चायुक्तालयात जाऊन कागदी दाखल्यावर सही घेता येते. पहिल्या खेपेला इथे घरीच, नातवाला शेजारी बसवून, पण बटणं स्वतःच्या हातानं दाबून करून पाहा. दोघांनीही.

खातं दोघांच्या नावे आणि ‘दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो’ या पद्धतीचं असावं. दीर्घकाळ बाहेर राहणार असल्याचं बँकेला लेखी कळवा. तुमच्या मुक्कामाच्या स्वरूपाप्रमाणे खातं अनिवासी साधारण, म्हणजे एनआरओ, करावं लागतं आणि पेन्शन त्यात जमा होऊ शकते.

आता ओटीपी. इथलं सिम बंद पडलं की बँक, आधार, पेन्शन सगळंच लटकतं. प्रीपेड सिम नव्वद दिवस वापराविना राहिलं तर कंपनी ते बंद करू शकते. आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच, विमानतळावर जायच्या आधी चालू करून घ्या, रिचार्जच्या तारखा मुलाच्या कॅलेंडरात टाका आणि अधूनमधून त्या नंबरवरून एखादा संदेश पाठवत जा. आणखी एक गोष्ट हमखास विसरते: एटीएम कार्डाची मुदत. मधेच संपली तर नवं कार्ड टपालानं तुमच्या कुलूपबंद दारावर येतं आणि परत जातं. मुदत दोन वर्षांच्या आत संपणार असेल तर आताच बदलून घ्या.

आमचं कौलारू घर आहे, मागे परडं आणि विहीर. दोन पावसाळे बंद राहील. काय काय करून निघावं? – खानापूर तालुक्यातून एक भगिनी

ताई, खानापूरचा पाऊस बंद घराला माफ करत नाही. पहिला सल्ला असा, की घर पूर्ण बंद ठेवूच नका. विश्वासातलं कुणी एका खोलीत राहणार असेल तर भाडं न घेता राहू द्या. पण अकरा महिन्यांचा लेखी करार करूनच. ते जमणार नसेल तर पुढचं वाचा.

कौलं एप्रिल-मे महिन्यात चाळून घ्या. फुटकी कौलं बदला, आढ्यावरचा चुना-सिमेंट उखडलेला असेल तर भरून घ्या, आणि वीस-पंचवीस जादा कौलं परड्यात रचून ठेवा. पावसात माकडांनी चार फोडली तर गडी शोधता येतो, त्याच मापाचं कौल शोधता येत नाही. पन्हळी साफ. भिंतीला टेकलेली लाकडी कपाटं वीतभर पुढे ओढा, कारण वाळवी भिंतीतून येते आणि आधी कपाटाच्या पाठीला लागते. शास्त्राच्या जुन्या प्रती, गीतांची पुस्तकं, विक्रीपत्र आणि उतारा स्टीलच्या पेटीत घाला, आणि पेटी विटांवर ठेवा.

फ्रीज रिकामा करून, दोन दिवस उघडा सुकवून, दारात लाकडाची चिप अडकवून ठेवा. नुसता बंद केला तर आत बुरशीचा गालिचा होतो. इन्व्हर्टरची बॅटरी घरात ठेवू नका. शिसे-आम्लाची बॅटरी चार्ज न होता पडून राहिली की काही महिन्यांत तिच्या पट्ट्यांवर सल्फेट बसतो आणि ती मरते. भावाकडे वापरायला द्या नाहीतर विकून टाका. स्कूटरचंही तेच: बॅटरी काढा, पेट्रोल रिकामं करा, चाकं जमिनीपासून उचलून ठेवा. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपण लावा.

संडास-न्हाणीच्या जाळीखालच्या वाकात जे पाणी उभं असतं ते उन्हाळ्यात आटतं, आणि मग गटाराचा वास आणि झुरळं सरळ घरात. निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि वर दोन चमचे खाद्यतेल ओता. तेलाच्या थरानं पाणी उशिरा आटतं. तरी महिन्यातून एकदा कुणी पाणी ओतायला हवंच. विहिरीची मोटर पंधरा दिवसांनी दहा मिनिटं चालवली नाही तर फूटव्हॉल्व्ह अडकतो. रेशमी साड्या मऊ सुती कापडात गुंडाळा, डांबरगोळी जरीला लागू देऊ नका. वर्षातून दोनदा तरी कुणी घड्या मोडून नव्या घातल्या नाहीत तर घडीवरच साडी फाटते. ही कामं ज्यांच्याकडे देणार त्यांना कागदावर लिहून द्या आणि वर्षाचे पैसे आगाऊ द्या. नात्यातलं आहे म्हणून फुकट ठेवलेलं काम पहिल्या पावसापर्यंतच टिकतं.

खिडक्या उघडायच्या त्या कोरड्या दिवशी, दोन तास. पाऊस पडत असताना ‘हवा लागू दे’ म्हणून उघडल्या तर दमट हवा आत कोंडते आणि बुरशी दुप्पट.

हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, बिल बंद घरालाही ठरावीक आकाराचं येतं, ते आपोआप भरायची सोय करा. घरपट्टी एप्रिलमध्येच भरली तर शहरी हद्दीत पाच टक्के सूट मिळते. मुखत्यारपत्र मुलाला द्यायचं तर इथेच, सगळे हजर असताना करा. परदेशातून केलं तर आधी उच्चायुक्तालयाची सही, आणि ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ‘सर्व अधिकार’ देऊ नका. भाडं, कर, वीज, बँकेचा पत्रव्यवहार एवढं पुरे. विक्रीचा अधिकार वेगळा आणि तो बहुधा नकोच.

तिकडे भाकरी मिळेल का? यांना भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. घरून काय न्यावं? – शहापूर, बेळगाव

काकू, मिळणार नाही, पण होईल. तिथे जोंधळा पिकतो, त्याला मटामा म्हणतात. नाचणीला विंबी, बाजरीला मावेले. सुपरमार्केटमधलं तयार पीठ घेताना पुडा नीट वाचा. पुष्कळ पिठं पेजेसाठी असतात, त्यांत मका आणि कसावा मिसळलेला असतो. त्यांची भाकरी थापली की चिरते. त्यापेक्षा धान्य आणून पोशो मिलवर, म्हणजे तिथल्या गिरणीवर, दळा. ती गिरणी मक्यासाठी लावलेली असते म्हणून पहिलं दळण रव्यासारखं पडतं. बारीक मागा, नाहीतर दोनदा दळून घ्या. शक्य तर पांढरा दाणा निवडा. लाल जोंधळ्याला तुरट चव असते. पीठ आठवड्यापुरतंच दळा, जुनं झालं की विरी जाते.

तरीही चिरतच असेल तर उकड काढा. वाटीभर पाण्याला मीठ घालून खळखळ उकळी आली की गॅस बंद करा, वाटीवर थोडं जास्त पीठ घालून ढवळा, दहा मिनिटं झाका, आणि कोमट असतानाच तळहाताच्या टाचेनं पाच मिनिटं मळा. गोळा गुळगुळीत झाला, कडेला भेग दिसली नाही, की थापायला घ्या. तवा बिडाचा घरून न्या. वजन खातो, पण तिथले पातळ तवे उकडीच्या भाकरीला डाग पाडतात आणि आतून कच्ची ठेवतात. चपातीची चिंता नको, तिथे ती घरोघरी करतात, मैद्याची आणि तेलकट.

नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटरवर, आपलं बेळगाव साडेसातशेच्या आसपास. तिथे पाणी ९४ अंशांच्या जवळच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी दाताखाली येते. कुकर न्याच, आणि त्याच कंपनीच्या त्याच मापाच्या दोन गास्केट व दोन सेफ्टी व्हॉल्व्ह. नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त धरा. गॅसचा रेग्युलेटर मात्र नेऊ नका, तिथल्या सिलिंडरला बसत नाही. सहा आणि तेरा किलोचे सिलिंडर मिळतात. मिक्सर चालतो, कारण वीज २४० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचीच. फक्त प्लग तीन चौकोनी पात्यांचा लागतो. ॲडॉप्टरवर मिक्सर लटकवला तर तो हलून ठिणग्या उडतात. तिथे फ्यूजचा प्लग विकत घेऊन वायरमनकडून बदलूनच घ्या.

डाळी, तांदूळ, हिंग, पोहे नैरोबीत पार्कलँड्स-न्गारा भागातल्या भारतीय दुकानांत मिळतात. म्हणून बॅगेत वजन भरायचं ते जे तिथे मिळत नाही त्याचंच: कांदा-लसूण मसाला, ब्याडगी मिरची, आमसूल, शेंगदाण्याची आणि कारळाची चटणी. मसाला ताजा कांडून लगेच भरू नका, दोन दिवस पसरून पूर्ण गार होऊ द्या. कोमट भरला की डब्याच्या झाकणाला घाम येतो आणि गाठी होतात. गोकाकचं करदंट आठवडे टिकतं, ते भेट द्यायला उत्तम. कुंदा नेऊ नका. दुधाचा माल, दोन दिवसांचा प्रवास, आणि उरलेला आग्रहानं खाऊन पोट बिघडवायचं.

आणि हे सगळं कॅरीबॅगमध्ये बांधू नका. २८ ऑगस्ट २०१७ पासून केनियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. स्टीलचे डबे, वर सुती पिशव्या.

मला मधुमेह, मिस्टरांना रक्तदाब. गोळ्या किती न्याव्यात? पिवळ्या तापाची लस या वयात घ्यावी का? – हिंडलगा

केनियातून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात. पण साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेताना गंभीर दुष्परिणामाची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते, म्हणून थेट रांगेत उभं राहू नका. आधी तुमच्या डॉक्टरांना सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा. अंड्याची ॲलर्जी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, थायमस ग्रंथीचा आजार असेल तर ते आवर्जून सांगा. डॉक्टर नको म्हणाले तर तसं लेखी घ्या, सही-शिक्क्यासह. हो म्हणाले तर लस सरकारमान्य केंद्रावरच. आपल्याला जवळ पडतं ते गोव्यातलं मुरगाव बंदराचं आरोग्य कार्यालय. एका कुपीत बऱ्याच जणांचे डोस असल्यानं ठरल्या दिवशीच उघडतात, तेव्हा वेळ घेऊन जा. प्रमाणपत्र लसीनंतर दहाव्या दिवसापासून लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. पुस्तिकेवर पासपोर्ट क्रमांक बरोबर लिहिलाय ना, ते तिथेच उभं राहून वाचा.

नैरोबीत मलेरियाचा धोका कमी, पण किसुमू किंवा मोंबासाकडे काम असेल तर प्रतिबंधक गोळ्या लागतात. मुक्कामाचं गाव डॉक्टरांना नकाशावर दाखवा.

नेहमीच्या गोळ्या तीन महिन्यांच्या न्या, मूळ पाकिटात. डब्यांत सुट्या करून नाही. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहून घ्या, कारण तिथे भारतात बनलेली औषधंही मिळतात पण नाव वेगळं असतं. इन्सुलिन हातातल्या पिशवीत. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून नेहमीसारखं दिसलं तरी निकामी असतं. न उघडलेलं २ ते ८ अंशांत. चालू कुपीचे किती दिवस धरायचे ते तिच्या कागदावर असतं, बहुतेकांवर २८. उघडल्याची तारीख कुपीवर पेननं लिहा. कुरिअरनं औषधं मागवायचा बेत करू नका, कस्टममध्ये अडकतात.

स्वेटर न्या. जुलैत नैरोबीत बेळगावच्या डिसेंबरसारखी थंडी असते.

तिकडे सगळे व्यवहार म्हणे मोबाइलवर. आम्हाला जमेल? – चिकोडी

फोनवरून पैसे देता येत असतील तर एम-पेसा, म्हणजे तिथली मोबाइलवरून पैसे द्यायची सोय, तीही जमेल. सफारीकॉम या तिथल्या फोन कंपनीचं सिम मूळ पासपोर्ट दाखवून घ्यायचं, आणि दोघांनी आपापल्या नावावर वेगळं. एकाच फोनवर घर चालवलं आणि तो फोन मटाटूत, म्हणजे तिथल्या वडापात, चोरीला गेला तर घरात दुधालाही पैसे उरत नाहीत. दुकानात ‘टिल’ नंबर विचारायचा, बिलांसाठी ‘पेबिल’. पाठवण्याआधी समोरच्याचं नाव पडद्यावर येतं; ते वाचून मगच पिन. चुकीच्या माणसाला गेले तर आलेला संदेश तसाच्या तसा ४५६ या नंबरावर लगेच पुढे पाठवा. समोरच्यानं रक्कम काढली नसेल तर परत मिळायची आशा असते. ‘चुकून तुम्हाला पैसे आले, परत करा’ असा संदेश आला तर आधी स्वतःची शिल्लक पाहा. संदेश खोटा असू शकतो, शिल्लक खोटी नसते.

वीज बहुधा आगाऊ पैशांची. पैसे भरले की वीस आकडी टोकन येतं, ते मीटरवर टाइप करायचं. रविवारच्या उपासनेआधी नव्हे, शनिवारी दुपारीच भरून ठेवा. संस्थेला हिशेब द्यायचे तर दुकानाच्या पावत्यांचा त्याच दिवशी फोटो काढा. तो कागद उष्णतेनं छापलेला असतो, तीन महिन्यांत कोरा होतो.

भाषा शिकावी लागेल का? – निपाणी

शहरात इंग्रजी चालतं, पण घरभेटींना स्वाहिली हवी. निघण्याआधी शंभर शब्द, आकडे आणि अभिवादनं पाठ करा. घड्याळाचं मात्र आधीच समजून घ्या. स्वाहिलीत दिवस सकाळी सहापासून मोजतात. सकाळी सात म्हणजे पहिला तास, नऊ म्हणजे तिसरा. प्रार्थनेला ‘तीन वाजता’ या असं स्वाहिलीत सांगितलं तर सकाळचे नऊ. दुपारी तीनला पोहोचलात तर मंडळी कधीच घरी गेलेली असते. आपल्या पवित्र शास्त्रातला ‘तिसरा तास’ असाच मोजलेला आहे, त्यामुळे तुम्हाला हे लवकर वळेल. भारतातलं घड्याळ अडीच तास पुढे असतं. रात्री जेवून नऊला लेकीला फोन लावलात तर इकडे साडेअकरा झालेले असतात.

वडील ६८, आई ६४. दोघं जायला निघाली आहेत. तोंडानं विचारवत नाही, पण तिकडे काही बरंवाईट झालं तर? – टिळकवाडीतून एक मुलगी

विचारा, आणि निघण्याआधीच विचारा.

विमा घेताना चार गोष्टी पाहा: वयाची मर्यादा; आधीच्या आजारांचा समावेश; रुग्णाला विमानानं हलवण्याचा खर्च; आणि मृतदेह परत आणण्याचा खर्च. रक्तदाब लपवून घेतलेला विमा पक्षाघाताच्या वेळी नाकारला जातो. अर्ज एजंटानं भरला तरी आजारांचा रकाना आईवडिलांनी स्वतः वाचावा. संस्था विमा देत असेल तर ‘देतो’ हा शब्द घेऊ नका, पॉलिसीची प्रत घ्या. त्यात आईचं नाव आहे का ते पाहा.

मृत्यू झालाच तर तिथला मृत्यूदाखला, शवलेपनाचं प्रमाणपत्र आणि उच्चायुक्तालयाचं ना-हरकत पत्र लागतं, आणि मृताचा पासपोर्ट तिथे रद्द करून घ्यावा लागतो. हे सगळं धावून करणार कोण, ते नाव आज ठरलेलं असावं: संस्थेतला एक माणूस आणि भारतातली एक व्यक्ती. पोहोचल्या आठवड्यात दोघांनी उच्चायुक्तालयात नावं नोंदवावीत. दफन तिथेच करायचं की बेळगावच्या दफनभूमीत, हे प्रत्येकानं आपापल्या हस्ताक्षरात लिहून, सही करून, एक प्रत तुमच्याकडे आणि एक संस्थेकडे द्यावी. हे ठरलेलं नसेल तर भावंडांत फोनवर वाद होतात आणि आई तिकडे एकटी शवागाराबाहेर बसून राहते. मृत्युपत्रही निघण्याआधी. मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतं, त्यामुळे मुलाच्या हाती मुखत्यारपत्र आहे म्हणून निश्चिंत राहू नका.

मागे राहिलेल्या एकट्यानं पुढे काम सुरू ठेवायचं का, हेही आताच बोलून घ्या. आईचा परवाना स्वतःचा असेल तर तो निर्णय तिच्या हाती राहतो. वडिलांच्या आश्रयावर असेल तर तिथे राहण्याचा आधारच जातो.

गीतांसाठी पेटी न्यावी का? – नंदगड

फोल्डिंग पेटी असेल तर न्या. सगळे स्टॉप बंद करा, भात्याची कडी लावा, सुरांच्या पट्ट्यांवर जाड पंचा घडी करून घाला, म्हणजे झाकण दाबलं तरी पट्ट्या हलत नाहीत. वजन आणि तिन्ही मापं विमान कंपनीला आधी कळवून लेखी उत्तर घ्या. केबिनमध्ये घेऊ असं काउंटरवर कुणी म्हणत नाही. पोहोचल्यावर एखादा सूर सतत वाजत राहिला तर घाबरून पेटी खोलू नका. बहुधा पट्टीखालची स्प्रिंग सरकलेली असते, नाहीतर रीडमध्ये धूळ असते. रीड मऊ ब्रशनं झटका, बोटानं वाकवू नका. तबला नेण्याच्या फंदात पडू नका.